माझ्या पश्चात थोरल्याची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे त्र्याहत्तर, चष्म्याचं दुकान चालवून आता घरी बसलेली, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाच्या दडपणाखाली न येता हे लिहून ठेवत आहे. याआधी मृत्युपत्र केलेलं नाही. टाळत आले.

१. राहतं घर, दोन खोल्या, थोरल्या मुलाच्या नावे. तो एकेचाळीस वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. त्याला कपाट हलवलेलंही चालत नाही.

२. काचा घासायचं यंत्र भाच्याला. त्यानं ते भंगारात घातलं तरी हरकत नाही.

३. दागिने धाकट्या मुलीला. थोरल्याला सांभाळशील का, असं विचारल्यावर "आई, मला नाही जमणार," असं ती सरळ म्हणाली. तिच्यावर राग नाही. बाकीचे नातेवाईक "बघू" म्हणाले. त्यांना काही नाही.

४. स्वमग्नतेच्या संशोधनाला सरकारी निधी वाटणाऱ्या समितीवर मी नऊ वर्षं पालकांची प्रतिनिधी होते. त्या कागदांची दोन खोकी अध्यक्षांना पोचवावीत. उंदरांवरच्या प्रयोगांना मला गुण देता यायचे, कारण माझ्या घरात उंदीर नव्हते. मोठी झालेली स्वमग्न माणसं आईबाप गेल्यावर कशी जगतात, हे शोधायचा प्रस्ताव दरवर्षी यायचा. तो आला की अध्यक्ष म्हणायचे, "ताई, यात तुमचा हितसंबंध येतो. जरा बाहेर बसता का?" मी बसायचे. आत बोलावेपर्यंत तो नामंजूर झालेला असायचा. माणूस सज्जन, नियमावर बोट ठेवून चालणारा. मी एकदाही भांडले नाही. आधी न भांडल्याची लाज वाटायची, आता काहीच वाटत नाही.

५. मी नसेन तेव्हा कुठे राहशील, असं थोरल्याला विचारलं.

"इथंच."

"कुणाबरोबर?"

"एकटा. पण गॅस बंद केलाय का, ते कोण बघणार?"

खालच्या मजल्यावरच्या, कपडे शिवणाऱ्या बाई तयार झाल्या आहेत. त्यांनी रोज संध्याकाळी आठला वर येऊन गॅस बघावा, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत. त्याबदल्यात दुकानाचा गाळा त्यांना. त्या एकसष्ट वर्षांच्या आहेत. त्यांच्यानंतर कोण, हे मला लिहिता येत नाही. एवढ्यावर त्याचं निभेल का, तेही माहीत नाही. कुणी शोधून काढलेलं नाही.

वरचं सगळं पुन्हा वाचलं, काही खोडलं नाही.

सही

साक्षीदार:
आमचे डॉक्टर (सही)
कोपऱ्यावरचे किराणावाले (सही)

ठिकाण: राहतं घर
दिनांक: अकरा मार्च