ढोलकीच्या जागी बोंगो

३ मार्च १९७४, रविवार

गोविंदा आला होता. नऊ वर्षांनी! केसांना कलप, अंगात टेरिलिनचा शर्ट, खिशाला दोन पेना. एक लिहायला, दुसरी लोकांना दिसायला. वाशीमला कचेरीत कारकून झाल्यापासून हा माणूस बसायच्या आधी खुर्ची पुसतो. माझ्या घरची खुर्ची!

म्हणाला, "विमल, पार्टी पुन्ना उभी करू. चौदा एप्रिलले वाशीमच्या जयंतीत आपला कार्यक्रम ठेवते म्हणतात."

पार्टी म्हणे! नवज्योत गायन पार्टी. पासष्ट साली पक्षातल्या पुढाऱ्यांचे दोन गट झाले, तसे आमचेही झाले. पेटीवाला गोविंदा एका गटात, ढोलकीवाला जानराव दुसऱ्यात. गाणारी मी. मला कोणी विचारलंच नाही की बाई, तू कोणत्या गटात? गाणं राहिलं बाजूला. आणि आता यांना आठवण आली.

मी विचारलं, "जानरावदादा येऊन राह्यले ना?"

गोविंदाने चहा बशीत ओतला. फुंकर मारली. परत फुंकर मारली. चहा कधीचाच गार झाला होता.

"त्याचा हात गेला वं. ढोलकी होत नाई आता त्याच्यानं. दुसरा पाह्यला मी."

दुसरा पाह्यला! बैल पाहिल्यासारखं बोलतो.

मी नाहीच म्हणणार होते. पण आमचे हे — देवमन गुरुजी — पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "जा, गाऊन ये. घरात तर गातेच." यांच्या तोंडून महिन्यात एक वाक्य निघतं, तेही असं.

हो म्हणून बसले.

१० मार्च

पहिली तालीम, वाशीमला, विहाराच्या मागच्या खोलीत. शेलूबाजारहून एसटीत उभ्याने गेले. कशासाठी, तर हे पाहण्यासाठी —

गोविंदाची पेटी. भात्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. दाबला की आधी फुस्स, मग सूर. फुलचंद, आमचा मागे गाणारा. समोरचे दात गेलेत. जुन्या काळी तो मागून ओळ उचलायचा तर मांडव हलायचा; आता ओळ उचलतो आणि शिट्टी वाजते. दोघेही एकमेकांना म्हणत होते, "काय बे, तसाच दिसून राह्यला!" आंधळे दोघेही.

आणि तो 'दुसरा'. हरिसिंग. वाशीमच्या लग्नाच्या बँडमधला. तिशीचा, कानाखाली उतरलेले कल्ले, पँट खाली एवढी रुंद की त्यात एक पोतं ज्वारी मावेल. त्याने पिशवीतून दोन बारकी डबडी काढली आणि मांडीत धरली.

"हे काय?"

"बोंगो, बाई."

"ढोलकी कुठं आहे?"

गोविंदा मधेच, "जमाना बदलला विमल. मुंबईच्या पार्ट्या आता हेच वाजवतात."

मुंबईच्या पार्ट्या! आपण कुठले? बाबासाहेबांच्या जयंतीत बोंगो! जानरावची थाप पडली की बाया कडेवरची लेकरं सावरून उभ्या राहायच्या. यावर काय उभं राहणार? फार तर माकड.

१२ मार्च

दवाखान्यात इंजेक्शनच्या सुया उकळत ठेवल्या तर भांड्यात त्या टकटक करू लागल्या. मला वाटलं हरिसिंग आला.

१७ मार्च

आज भांडण. गोविंदाने रचलेलं विहिरीचं गाणं घेतलं. कडवं चढलं, मला जरा रंग आला, आणि बोंगो बंद! मधेच!

"काय झालं?"

"बाई, तुमी पुढं गेल्या."

"मग या ना मागून! पाय मोडले का?"

त्याने गोविंदाकडे पाहिलं. गोविंदाने पेटीकडे. फुलचंदने छताकडे.

परत घेतलं. परत थांबला. मग तोंडाने मोजायला लागला — एक दोन तीन चार. पहिलीच्या पोराला शिकवतात तसं! मी म्हटलं, "मी सात वर्षं गायली या पार्टीत. जानरावनं मले एकदाही थांबवलं नाई."

आणि खरंच आहे. मी डोळे मिटून गायचे. पुढे गेले तर तो पुढे, ओढून धरलं तर तोही धरून. मागे वळून कधी पाहावं लागलं नाही. त्याला म्हणतात ढोलकीवाला. हा तर टायपिस्ट.

गोविंदा एवढंच म्हणाला, "थोडं दमानं घे विमल." मी का दमाने घेऊ? दम याची पेटी सोडते, मी नाही.

२० मार्च

दवाखान्यात बातमी पसरली. आमचे डॉक्टर म्हणतात, "सिस्टर, तुम्ही गाता?" जसं काही मी चोरी करताना सापडले.

२४ मार्च

आज तालमीला गेले नाही. डोकं दुखतं म्हणून निरोप धाडला. डोकं ठणठणीत आहे.

एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. हात गेला म्हणजे काय? कसा गेला? यंत्रात? लकव्याने? मी नर्स आहे, मला कोणी सांगू नये? आणि गोविंदा नीट काही सांगत नाही. मला तर वाटतं जुनी खुन्नस काढतोय. नऊ वर्षं झाली, गट फुटले, त्या गटांचेही गट फुटले, पण याच्या पोटात ते अजून आहे. कलप लावून माणूस तरुण होतो, मोठा होत नाही.

ह्यांना म्हटलं. हे म्हणाले, "गोविंदा तसा वाईट माणूस नाही." पेपरातूनच. वाईट नाही! मग चांगला आहे असं का म्हणवत नाही?

पुढच्या रविवारी तालीम नाही. इंझोरीला जाते. जानरावला त्याच्या गावाहून घेऊनच येते. मग बघू कोणाचा बोंगो आणि कोणाचं काय.

३१ मार्च

इंझोरीहून आत्ताच आले. कारंज्याला गाडी बदलावी लागली, धुळीने केस पांढरे झाले. मला कलपाची गरज वाटावी असे!

जानराव अंगणात कडुनिंबाखाली बाज विणत होता. दोन्ही हातांनी! सुंभ ओढून असं ताणत होता की लाकूड कर्रकन वाजत होतं. मी दारातच उभी राहिले.

"जयभीम दादा."

"जयभीम." वर पाहिलं, परत खाली. "काहून आली?"

"तुमाले न्याले आली. पार्टी उभी राहून राह्यली."

"माहीत हाय."

"मग?"

"मी नाई येत."

त्याची बायको चंपाबाई पाणी घेऊन आली. तांब्या माझ्या हातात दिला आणि नवऱ्याकडे पाहत राहिली. मी विचारलं, "तुमचा हात गेला म्हणे."

"कोण म्हणे?"

"गोविंदाभाऊ."

जानराव हसला. पण चांगलं हसला नाही. रिकामा तांब्या माझ्या हातातून घेतला, मांडीवर आडवा धरला आणि बोटं चालवली. बस्स, एवढंच. दोन आवर्तनं. हात गेला म्हणे! तो हात आहे की काय आहे!

"मग चला ना! काहून नाई येत?"

"नाई म्हटलं ना बाई. गोविंदानं तुले काही सांगतलं नाई?"

"काय सांगतलं नाई?"

तो परत सुंभाला लागला. चंपाबाई म्हणाली, "जेवून जा ताई," आणि आत गेली. तिथे मी किती वेळ उभी राहणार? भाकर खाल्ली, निघाले. जानरावही काही कमी नाही. गर्वाने फुगलेला. वाट पाहतोय की गोविंदाने येऊन पाय धरावेत. पण तो निदान खोटं तर बोलला नाही.

गोविंदा खोटा! खोटा, खोटा, खोटा.

७ एप्रिल

सगळ्यांसमोर विचारलं. मुद्दाम. हरिसिंग पिशवी उघडत होता, फुलचंद बिडी विझवत होता.

"गोविंदाभाऊ, इंझोरीले जाऊन आली मी. जानरावचा हात तं चांगला शाबूत हाय."

गोविंदा पेटीच्या पट्ट्या फडक्याने पुसत होता. पुसतच राहिला.

"तुमी खोटं बोलले."

"हो."

"हो? बस्स, हो? काहून बोलले?"

"बोललो. आता गाणं घ्याचं का?"

मला असा राग आला! म्हटलं, "तुमच्यासारखा हलका माणूस पाह्यला नाई मी. तुमाले भीती वाटते. तो बसला तं तुमच्या फुसक्या पेटीकडं कोण पाहीन? म्हणून त्याले काढलं. बाबासाहेबाचं नाव घेता अन् मनात हे!"

फुलचंद म्हणाला, "विमल, आता तुले काय सांगू —" पण गोविंदाने त्याच्या मांडीवर हात ठेवला आणि त्याची शिट्टी तिथेच बंद झाली.

"तसंच समज," गोविंदा म्हणाला. "माह्या मनात खोट होती. आता गा."

कानाजवळ कलपाचा एक काळा ओघळ घामाने खाली आला होता. मी पाहत होते, त्यालाही कळत होतं मी पाहतेय ते, तरी पुसला नाही.

सोडून द्यावं वाटलं. पण पत्रकं वाटून झालीत. माझं नाव वर आहे, सगळ्यात मोठ्या अक्षरात. गोविंदाचं खाली, बारीक. मला खूश ठेवायला असणार.

९ एप्रिल

गाणार. पण त्याच्याशी बोलणार नाही.

१५ एप्रिल, सोमवार

झालं एकदाचं.

माणसं खूप. दूरदूरहून बैलगाड्या. नीळ उधळलेली, लाउडस्पीकर कर्कश, आणि आमच्याआधी दोन पुढाऱ्यांची भाषणं. दोघेही एकमेकांना सोडून सगळ्यांबद्दल बोलले. फुलचंदने नवे दात बसवून आणले होते, कोणाचे कोण जाणे. ते सांभाळायला तोंड मिटून गात होता.

पहिली गाणी बरी झाली. विहिरीचं शेवटी ठेवलं होतं. तिसरं कडवं आलं, ज्यात बाई रिकामी घागर घेऊन विहिरीजवळून माघारी फिरते, आणि मी डोळे मिटले. आणि बोंगो परत बंद! हजारो माणसांसमोर! नुसता पेटीचा एक सूर, धरलेला. बाकी मांडव चिडीचूप. माझाच आवाज मला ऐकू येत होता, एकटा. असा मी तो कधी ऐकलाच नव्हता. थांबले नाही. कडवं संपवलं जसं जमेल तसं, जेवढं ओढायचं तेवढं ओढून, आणि घागर भरते त्या ओळीवर आले तेव्हा बोंगोची थाप अशी बरोबर पडली की समोरच्या बाया उभ्याच राहिल्या.

टाळ्या! मागून पैसे. एका म्हातारीने येऊन माझे गाल धरले. रडत होती.

लोकांना काय कळतं? तो चुकला आणि त्यांना वाटलं मुद्दाम केलं. खाली उतरल्यावर मी हरिसिंगला म्हटलं, "परत थांबले!" तो गमछ्याने मान पुसत म्हणाला, "हो बाई. गोविंदाभाऊनं सांगतलं होतं. तिथं तिले मोकळं सोड म्हणे, पेटी मी धरतो."

म्हणजे हेही गोविंदाचंच! मला न विचारता माझ्या पायाखालची सतरंजी काढायची. नशीब म्हणून निभावलं. जानराव असता तर असले खेळ करायची गरजच पडली नसती.

गोविंदा गर्दीत पेटी डोक्यावर घेऊन चालला होता. कोणी त्याला ओळखत नव्हतं. मी हाक मारली नाही.

२४ एप्रिल

शेलूबाजारच्या बाजारात चंपाबाई भेटली. मिरच्या निवडत होती. मी जानरावची चौकशी केलीही नव्हती, तोच ती रडवेली झाली. "ताई, तुमी त्या दिवशी एवढ्या दुरून आल्या, अन् मले खरं सांगता आलं नाई. गोविंदाभाऊ तीन खेपा आले होते आमच्याकडं. हे म्हणत, बसतो मी, पण विमल गाईन तं नाई. तिले ताल नाई, सात वर्सं मी तिच्या मागं धावलो अन् वाहवा तिची झाली. आता माह्यानं धावणं होत नाई. दुसरी गाणारी आण. तिसऱ्या खेपेले गोविंदाभाऊ उठले, म्हणे, मग जानराव, तूच घरी राह्य. अन् हे विमलले समजू देशील नको."

आज सकाळीच, चंपाबाई भेटायच्या आधी, गोविंदा दवाखान्यात येऊन गेला होता. कारंज्याहून बोलावणं आलंय, येशील का म्हणाला. मी सगळ्या पेशंटांसमोर विचारलं, "आता कोणाले काढता?"

तो हसला. म्हणाला, "कोणालेच नाई."