जाऊ अजून आतच आहे

धाकटीस थोरलीचा आशीर्वाद. लागला तर लागला, नाहीतर उशीखाली ठेव.

तुझे गुडघे कसे आहेत? लाँड्रीचं शटर एका हाताने ढकलू नकोस, शेजारच्या चांभाराला हाक मार, नुसता बसलेला असतो. इस्त्री तापली का ते ओल्या बोटाने बघायची खोड गेली का? (गेली नसणार.) भावोजींना म्हणावं, पंखा पुसा. मी ठणठणीत आहे. हे गेल्यावर लेकाने इथे आणलं, तेव्हापासून खायचं-प्यायचं काही कमी नाही. लेक-सून सकाळी पळतात ते दिवे लागल्यावर येतात. तोवर घरात मी आणि फ्रीज. त्यातल्या त्यात फ्रीज जास्त बोलतो. तू ये, असं लिहायला मी कागद घेतलेला नाही, हे आधीच सांगते. मागच्या खेपेला बोलावलं तर दुकान कोण बघेल म्हणालीस, तेव्हापासून मी तोंड मिटलंय. हे पत्र फक्त गाडीच्या भाड्याबद्दल आहे.

इथे दोन गाड्या. एक जमिनीवरून जाते, एक खालून. एकाच घरात दिलेल्या जावा म्हण ना, पण एकीचं तिकीट दुसरीला चालत नाही. (आपलं तरी बरं, साबण एक, टेबल एक, भांडण तेवढं रोज नवं.) मधे एका पिवळ्या खांबाला पास टेकवला तर चालतं म्हणतात, पण तो खांब असा कोपऱ्यात उभा केलाय की जणू त्याला शाळेत शिक्षा झालीय. भिंतीवर नकाशा, त्यात पहिलं मंडळ, दुसरं मंडळ. मी विचारलं, सभासद व्हायला काय लागतं? मागच्या माणसाला हसून खोकला आला. मंडळ म्हणजे नुसतं गोल रिंगण, ते ओलांडलं की भाडं वाढलं. शहराच्या पोटातून सरळ गेलं तर जास्त, लांबून वळसा घातला तर कमी. म्हणजे लवकर पोचला त्याला दंड! बरं, सकाळचा दर वेगळा, दुपारचा वेगळा. अगं, आपण शर्टाला असे दर लावले असते तर गिऱ्हाइकाने शर्टाबरोबर आपल्यालाही हँगरला टांगलं असतं.

हा घोळ नको म्हणून लेकाने म्हाताऱ्यांचा पास काढून दिला. त्यावर दुपारी आपल्यासोबत एक माणूस फुकट. फोनवर माहिती भरताना त्याने घाईत विचारलं, आई, तुझ्या सोबत कोण असतं? माझ्या तोंडून गेलं, जाऊ. तो म्हणतो, थांब ना, एवढं भरू दे, मग जाऊ. (एवढा शिकवला, त्याचं हे फळ.) शेवटी कळलं त्याला. पासावर छापूनच आलंय, सोबती: जाऊ.

मग एक दिवस नीळ आणायला निघाले. इथलं धुण्याचं यंत्र चादरी पांढऱ्या करत नाही, नुसत्या दमवतं. आणि घडी घालायची तर एक टोक हनुवटीखाली, एक दाराच्या कडीला. कुणी दार उघडलं की घडी गेली. (कुणी उघडत नाही म्हणा.) तर स्टेशनच्या फाटकावर पास टेकवला. पडद्यावर आलं, एक की दोन? पासात दोघींची सोय आहे तर एक कशाला दाबा, वाया घालवायची आपल्याला सवय नाही. दोन दाबलं. फाटक उघडलं, मी आत गेले आणि ते मेलं मिटेचना. आ वासून उभं, टुंग टुंग करत मागच्या माणसाची वाट बघतंय. मीही वळून बघितलं. (सवय. तू नेहमी चप्पल शोधत मागे राहतेस.) मग त्यालाच कंटाळा आला. नीळ मिळाली नाही ती नाहीच. दुकानदार भिंतीच्या रंगाचा डबा दाखवायला लागला.

दुसऱ्या दिवशी पास लागेना. लाल दिवा. खिडकीतल्या बाईने यंत्रात बघितलं आणि म्हणाली, मावशी, तुमच्या सोबतचं माणूस कालपासून आतच आहे. कोण होतं? म्हटलं, जाऊ. ती म्हणते, अहो, अशा कशा जाल, आधी सांगा तरी! म्हटलं, जाऊ गं बाई, दिराची बायको! तशी ती घाबरली. तिने फाटकवाल्याला बोलावलं, तो विचारतो दिसायला कशा आहेत. मी सांगितलं, बुटकी, तोंडाने फटकळ, डाव्या मनगटावर इस्त्रीचा डाग. तो वायरलेसवर तुझं वर्णन सांगायला लागला, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं आणि म्हटलं, अरे, ती आत नाही, गावाला आहे. मग दोघं माझ्याकडेच बघत बसले. बाई म्हणाली, आत गेलेलं माणूस बाहेर पडल्याशिवाय पास सुटणार नाही. आणखी एक उपाय सांगितला, तो तुझ्या कामाचा नाही.

तर यंत्राच्या लेखी तू तेव्हापासून जमिनीखाली हिंडतेयस. तुला मजा, मला लाल दिवा. रोज दुपारी जाऊन विचारून येते. फाटकवाला लांबूनच ओरडतो, मावशी, आल्या का जाऊबाई? खिडकीतली बाई तुझ्या गुडघ्यांचं विचारते, म्हणते खाली जिने फार आहेत हो. नवल बघ, जिन्यात शेजारी भेटले तर मान खाली घालून जातात, आणि तुझी वाट बघणारी दोन माणसं तयार झाली.

पुरे आता. कागद संपला. खळ पातळ कर, गेल्या वेळी कॉलर पत्र्यासारख्या झाल्या होत्या.

तुझी थोरली

ता.क. तू फक्त स्टेशनापर्यंत ये. बाई तुला कडेच्या दारातून आत सोडेल, तू फाटकातून बाहेर पडायचंस. पाच मिनिटांचं काम. मग हवं तर लगेच परत जा. (लगेच जाता येत नाही. महिनाभर राहावं लागतं, तसा नियम आहे इथे.) भावोजींना तोवर इस्त्री धरायला काय होतंय?

आणखी एक. येताना नीळ आण. चादरी आणू नकोस, इथे घडीविना पडल्यात तेवढ्या पुरे.

शेवटचं. तो दुसरा उपाय म्हणजे एक बटण. बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, मावशी, मी इथून दाबते, जाऊबाई बाहेर पडल्या असं होईल आणि पास चालू. बोट ठेवलंसुद्धा होतं तिने. मी म्हटलं, दाबशील तर याद राख. आहे ती आत, तर असू दे.