मथुराच्या नावासमोर शून्य

चिक्कपेठ, बंगळूर
ता. १२ मे १९६५

तीर्थरूप परसूअण्णांस,

धाकट्या ठकूचा नमस्कार पोचावा. मी इथे बरी आहे. वहिनीची कंबर आता कशी आहे? बाळाला दात आले का? मथुराला माझ्यासाठी जवळ घे.

तुझं पाकीट येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर का झाला ते पुढे लिहिते. पत्र अर्धं पान आणि तक्ता दोन पानं, तांबड्या शाईच्या रेघांसकट. तंबाखूच्या वखारीत बारा वर्षं कारकुनी केलेला माणूस सख्ख्या बहिणीलाही खतावणीच लिहितो, हे पाहून आधी हसू आलं. डावीकडे बंगळूर, उजवीकडे निपाणी. इथल्या घड्याळाच्या कारखान्यात मला एकशे बेचाळीस मिळतात. तुझे शेठ मला वखारीत बायकांची हजेरी लिहायला पासष्ट देणार. मग भाडं, तांदूळ, रॉकेल, बसचा पास, आजारपण असं एकेक वजा करून तू बंगळूरला माझ्या हातात एकोणतीस रुपये शिल्लक ठेवलेस आणि निपाणीला साठ. खाली दोन रेघा मारून लिहिलंस, ‘आता तूच ठरव.’

ठरवलं. मी निपाणीला नोकरीला येणार नाही.

भाडं तू पंचवीस धरलंस, मी अठरा देते. घरमालकीण सोयराबाई आपल्यातल्याच. त्यांची माणसं कितीतरी पिढ्यांपूर्वी इकडे आली, मराठीत निम्मं कानडी मिसळलं, पण एकट्या बाईला खोली देताना त्यांनी नाक मुरडलं नाही. आजारपणाचे दहा धरलेस. दोन वर्षांत मी एकदाच आजारी पडले आणि कारखान्याच्या दवाखान्यात औषध फुकट मिळालं.

निपाणीच्या बाजूला मात्र राहण्याखाण्यासमोर ‘घरचंच’ असं लिहून तू मोकळा झालास. अण्णा, तुझ्या घरी मी पहाटे उठून आडाचं पाणी भरत होते, आठ माणसांच्या भाकरी थापत होते, वहिनीची दोन बाळंतपणं मी काढली. इथे पाणी भरणाऱ्या बाईला महिना सहा रुपये देतात, स्वयंपाकाच्या बाईला पंधरा आणि वर जेवण. म्हणजे मी काही आयतं गिळत नव्हते. तरी मथुराचे वडील वारले तेव्हा तू भाड्याची गाडी करून आलास आणि आम्हा दोघींना घेऊन गेलास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सासरच्यांनी तर ताटही वेगळं काढलं होतं.

‘बायकांचं घड्याळात काय काम’ असंही लिहिलंस. एकदा येऊन बघ. एका डोळ्याला भिंग लावायचं आणि खसखशीएवढा स्क्रू चिमट्यानं उचलून त्याच्या जागी बसवायचा. श्वास जोरात सोडला तरी तो उडतो. माझ्या ओळीत अठरा मुली आहेत आणि तपासणीतून सगळ्यांत कमी माल परत येतो तो माझा. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आता तुला सांगितलं.

हे सगळं लिहिताना मी मुख्य गोष्टीच्या भोवतीच फिरते आहे.

तक्त्याच्या अगदी शेवटी तू लिहिलंस, ‘मथुरा : शाळा फुकट. वह्या-पुस्तके : ०.’ शाळा फुकट आहे हे मला ठाऊक आहे. पण चौथीची पुस्तकं निपाणीत फुकट कोण वाटतं? गेल्या जूनमध्ये त्यांच्यासाठीच मी मनीऑर्डरीत नऊ रुपये जादा घातले होते. तू हाडाचा कारकून. तोंडानं थाप मारशील, पण कागदावर खोटा आकडा तुझ्या हातून उतरत नाही. म्हणून तिथे शून्य पडलं.

मी कृष्णाबाई मास्तरणींना कार्ड टाकलं. त्यांचं उत्तर आलं: मथुरा जूनपासून पटावर नाही, दुपारी धाकट्याला कडेवर घेऊन दारात उभी दिसते, पोर हुशार होती. ‘होती’ या शब्दानं मला रात्रभर झोप लागली नाही. दिवाळीत आले तेव्हा मी तिला धडा वाचून दाखव म्हणाले होते. ती म्हणाली, पुस्तक मैत्रिणीकडे राहिलं. आणि तुझ्याकडे बघितलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल, पण परतीची गाडी पकडायची होती.

चार दिवस मी मनातल्या मनात तुझा उद्धार केला. वहिनीचाही केला. तिची कंबर खरंच धरली आहे, घरात हात कमी आहेत, हे सगळं ठाऊक असून केला. मग राग ओसरल्यावर जे उरलं, ते तुला आजवर सांगितलेलं नाही.

नोकरीच्या अर्जासाठी रांगेत उभी होते तेव्हा पुढची बाई म्हणाली, इथे लेकुरवाळीला घेत नाहीत. अर्जात रकाना होता, ‘मुले किती’. मी शून्य लिहिलं. तुला कळवलं की पोरीला ठेवण्याची इथे सोय नाही. सोय होती, अण्णा. पण मला मूल नाही असं लिहून दिल्यावर मी तिला आणणार कशी? सोयराबाईंनाही दोन वर्षं पत्ता लागू दिला नाही. मथुरासमोर पहिलं शून्य मी टाकलं. तुझं दुसरं.

गेल्या गुरुवारी मी आमच्या ऑफिसातल्या नरसिंहरावांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, “असा नियम कधीच नव्हता, अम्मा. तुम्हाला कुणी सांगितलं?”

त्या बाईचं नावसुद्धा मला माहीत नाही. तिच्या एका वाक्यावर मी माझी पोर दोन वर्षं लांब ठेवली. मी तिथेच रडले, लाज न बाळगता.

खोटी माहिती दिली म्हणून माझी यंदाची चार रुपयांची पगारवाढ थांबली. नोकरी राहिली. घरी येऊन सोयराबाईंना सांगितलं, तर त्या आधी चिडल्या आणि मग म्हणाल्या, “ठकूअक्का, आणून सोड तिला. तू कामावर गेलीस की मी बघते, सरी? ठीक ना?”

तू म्हणशील, इथे पोर कानडी होईल. होऊ दे. कानडीत शिकेल, मराठी मी घरी शिकवीन. तिकडे निपाणी महाराष्ट्रात घाला म्हणून तुम्ही सगळे मोर्चे काढता, आणि मराठी शाळेतून पोरीचं नाव काढताना तुला काहीच वाटलं नाही?

मी शनिवारी बावीस तारखेला रात्रीच्या गाडीनं निघते. रविवारी संध्याकाळपर्यंत निपाणीला पोचेन. रजा चार दिवसांची आहे. भांडायचं असेल तर त्यातला एक दिवस तुला दिला, पण मथुरा माझ्याबरोबर येणार, यात बदल नाही. कृष्णाबाईंकडून तिसरीचा दाखला तू स्वतः जाऊन आण. ते काम मी करणार नाही. वहिनीसाठी पाणी भरायला बाई लाव. पहिले दोन महिने तिचे पैसे मी पाठवीन, नंतर तुझं तू बघ. शेठना माझा नकार कळव आणि त्यांचे आभारही मान.

मथुराला मी येतेय एवढंच सांग. मी तिला कागदावर नाकारलं होतं, हे तिला मीच सांगणार आहे. ती मोठी होईपर्यंत थांबणार नाही. गाडीतच सांगीन. मग तिला माझ्याशी बोलायचं नसेल तर बंगळूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसू दे. मी शेजारी बसेन.

मथुराची आई,
ठकू