विसावं घर

३ नोव्हेंबर २००३

प्रिय लिव्यूदादा,

आधी घडलं ते क्रमानं लिहिते.

१. आपल्या इमारतीतल्या वीसपैकी एकोणीस घरांनी खोल्या तापवण्यासाठी औष्णिक केंद्रातून येणारं सामाईक गरम पाणी सोडलं आणि स्वयंपाकघरात स्वतःचा गॅसचा बॉयलर बसवला.
२. विसावं घर आईचं.
३. शनिवारी जिन्यात बैठक झाली. गरम पाण्याची नळी कायमची बंद करायची, असं हात वर करून ठरलं. विरोधात एक हात.
४. काल आईच्या खोलीत अकरा अंश होते. मी दोनदा मोजले.

कारण साधं आहे. नळी वीस घरांसाठी आखलेली. एका घरापुरतं पाणी इतकं हळू चढतं की चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत कोमट होतं. चूक कुणाचीच नाही. ज्यानं त्यानं आपल्या घरापुरतं ठरवलं, आणि तेच तर आपल्याला हवं होतं. एकोणनव्वदच्या डिसेंबरात बुखारेस्टमध्ये राजवट पडली, तू चौकात घोषणा देत होतास, आई दिवसभर खिडकीत उभी होती. तेव्हा घरात बारा अंश होते. पण सगळ्यांच्याच घरात.

बैठकीत तळमजल्यावरचे जेलूकाका म्हणाले, "एल्विराबाई, कम्युनिस्ट हात वर करायला लावायचे. आता आपल्या मनानं करायचाय, तर तुम्ही उलटा करताय!" लोक हसले. आई म्हणाली, "माझाही मनानंच आहे, जेलू. म्हणून तर खाली घेत नाही." मग ते माझ्याकडे वळले, "काय इंजिनिअरबाई, एकट्या आईसाठी अख्खं केंद्र चालवणार का?" आमच्या केंद्राचा निम्मा भाग मार्चमध्ये बंद झाला. तो बंद करावा, असं सांगणाऱ्या अहवालावर माझी सही आहे. आकडे बरोबर होते.

आईला म्हटलं, तुझ्याकडेही बॉयलर बसवू. ती म्हणाली, "धुराच्या नळीसाठी भिंतीला भोक लिव्यू पाडेल. त्याच्या हाताला सफाई आहे." म्हटलं, माझ्या खोलीवर राहायला चल. "आणि तो आला तर दार कोण उघडेल?" तुझ्या पलंगावर तिनं धुतलेली चादर घातली आहे. ती स्वतः स्वयंपाकघरात कोट घालून झोपते, ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं ठेवते. त्यातला धोका मी तीनदा समजावला. ती मान हलवते.

फोनवर ती शेजारी असते, म्हणून पत्र. जेलूकाकांची सून इटलीहून, तुझ्या तोरिनोहून आली होती. तू तिकडे घर घेतलंस, हे तिनं फक्त मला सांगितलं. मी तुला दोष देत नाही. जमलं असतं तर मीही गेले असते. पण दर उन्हाळ्यात तू "यंदा नाताळला नक्की" म्हणतोस, आणि ती थांबते. तू परत येणार नाहीस, हे तिला तुझ्या अक्षरात लिही. "सध्या" लिहू नकोस, "बघू" लिहू नकोस. तेवढ्यावर ती आणखी एक हिवाळा काढेल. मी सांगितलं तर तिला खरं वाटणार नाही. तुझं पत्र वाचूनही ती हलेल, असं मला वाटत नाही. नळी सतरा तारखेला बंद होईल, आणि ती बंद करायला आमच्या खात्यातून मलाच पाठवणार आहेत. हे पत्र तोरिनोच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तोच बारा तारखेला तिकडून परत निघतो. तुझं उत्तर त्याच्याकडे दे. शुक्रवार, १४ नोव्हेंबरपर्यंत ते मला मिळायला हवं.

तुझीच बहीण,
स्मरांदा