मुकादमची शुगर आणि माझा हलका हात

६ जानेवारी, सोमवार

आत्ताच जालन्याहून परत. मुकादमला शुगर निघाली. चारशेच्या वर. (पुढंमागं वाचताना घोटाळा नको म्हणून: मुकादम म्हणजे आपला पिवळा बोका. ऊसतोडीचा नव्हे.) येताना एसटीत कंडक्टरनं विचारलं, पिशवीत काय आहे? म्हटलं, पेशंट.

डॉक्टर अर्पिता म्हणून पोरगी आहे. माझ्या नोकरीइतकंसुद्धा तिचं वय नसेल. म्हणाली, काका, इन्सुलिन दोन टाइम, आधी खाणं मंग सुई, खाल्लं न्हाई तर सुई बिलकुल न्हाई. दूध-पोळी, गोडधोड बंद. आणि घरात साखर ठेवा, कधी झोकांड्या खायला लागला तर साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा अन् मला फोन लावा. साखर बंद आणि साखर ठेवा! आमच्या टाइम ऑफिसात असा हुकूम आला असता तर शेरा मारून परत पाठवला असता.

बायको, उषा, म्हणाली, सुई मी शिकून घेते. मी साफ नाही म्हटलं. आख्खी नोकरी साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून काढली, हजार माणसं वेळेवर गेटच्या आत घेतली. एक बोका काय जड आहे? रिटायर झाल्यापासून अंकुशनगरात जो तो विचारतो, साहेब, सध्या काय चाललंय? आता सांगायला काहीतरी आहे.

७ जानेवारी, मंगळवार

योजना तयार. पाया: भोंगा. घड्याळ मागंपुढं होतं, कारखान्याचा भोंगा होत नाही. सकाळी आठचा आणि रात्री पाळी बदलायचा आठचा. भोंगा झाला की ताटल्या. ताटल्या झाल्या की सुई. मुकादम ओट्याखाली, बाकीची दोन मांजरं, टिकली जिन्याखाली आणि फितूर न्हाणीघरात. इकडचा तिकडे जाणार नाही.

रात्री. मुकादमनं स्वतःचं खाल्लं, मग टिकलीचं, मग न्हाणीघराच्या दारापुढं बसून राहिला. फितूर न्हाणीघराच्या खिडकीतून निघून गेला. हा बोका गल्लीत सगळ्यांकडे जेवतो म्हणूनच त्याचं नाव फितूर. टिकली म्हातारी आहे, दोन घास खाऊन विचार करते, तेवढ्यात ताटली जाते. पहिलाच दिवस. सुधारणा होईल.

८ जानेवारी, बुधवार

पहिली सुई. माझ्याच हातानं. मुकादमला कळलंसुद्धा नाही! खातच राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाली होती की एखादं मांजर फिस्कारतं. माझ्या हातात नाही फिस्कारत. काहींचा हात मुळातच हलका असतो.

१० जानेवारी, शुक्रवार

निरीक्षण. सुई झाल्यावर मुकादमच्या मानेला घाम येतो. केस ओले होतात आणि दवाखान्यासारखा वास सुटतो. औषध अंगात भिनल्याची खूण. उषाला वास दाखवला. तिनं मानेला हात लावला, बोटं हुंगली आणि माझ्याकडे बघत राहिली. कौतुक तोंडावर आणत नाही ती.

एक अडचण. बाराचा भोंगा झाला तरी तिघं ताटल्यांपुढं हजर. हा भोंगा तुमचा नाही, असं त्यांना कसं सांगायचं?

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

सकाळी घरच्या मशीनवर शुगर तपासली. अजून चारशे. मूळ शोधलं. मूळ घरातच आहे. डब्यात साखर, पातेल्यात गूळ, फडताळात लाडू, मग बोका बरा कसा होणार? आजपासून घरात संपूर्ण साखरबंदी. दिवाळीला मिळालेली सभासदांची साखर, अर्धं पोतं शिल्लक होतं, ते स्वतः ओढत शेजारी कमरोद्दीनकडे नेऊन दिलं. त्याची बायको लालबी म्हणाली, अजी भाऊसाब, इत्ती शक्कर हम क्या करेंगे? म्हटलं, भाभी, असू द्या. त्याग करायचा तर मोकळ्या हातानं.

परत आलो तर हळदीकुंकवाला बायका जमलेल्या आणि उषाच्या हातात नुसते तीळ. नंदाबाई म्हणाली, उषाबाई, गूळ कुठं गेला? उषा म्हणाली, भाऊसाहेबानला विचारा. गोड कसं बोलू, गोड काही ठिवलंच न्हाई त्यांनी. सगळ्या हसल्या. मोठ्या कामात हे चालायचंच.

२२ जानेवारी, बुधवार

शुगर चारशे वीस. मुकादम पाण्याचं भांडं संपवतो आणि वाळूच्या ट्रेचा चिखल करतो. मागच्या पायांनी नीट उडी बसत नाही, ओट्यावर चढताना खाली घसरला आज. मला फार वाईट वाटलं. पाच वर्षांपूर्वी टाइम ऑफिसच्या खिडकीत ओला होऊन बसला होता, मुठीएवढा, तेव्हा मीच खिशात घालून आणला. हा गेला तर दिवसभर मी बोलू कुणाशी? उषाला तिची कामं आहेत.

दोष कुणाचा? लालबीचा. फितूरमागं मुकादमही भिंतीवरून तिकडे जातो आणि ती त्याला काहीबाही घालते. आज जाऊन स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, वो तो सिरफ धूप खाने आता जी. उन्हानं शुगर वाढत नाही, एवढं मला कळतं. मी जरा जोरात बोललो. कमरोद्दीन मध्ये पडला, बसा म्हणाला, चहा घ्या. चहा चांगला होता. गोड. आपली बंदी आपल्या हद्दीपुरती आहे, तेव्हा तत्त्वाला बाध नाही.

२६ जानेवारी, रविवार

उषानं प्रस्ताव ठेवला. सुई भरायचं बारीक काम ती करेल, तुम्ही नुसती टोचा. शिवाय मुकादमला आधी स्वयंपाकघरात दार लावून ती एकट्याला खाऊ घालणार, म्हणजे दुसऱ्या दोघांचा त्रास नको. मग सुई भरून त्याला बाहेर आणून देणार. मंजूर केलं. हे कारकुनी काम आहे. खरं कौशल्य टोचण्यात.

२ फेब्रुवारी, रविवार

शुगर दोनशे सत्तर!! हात बसला. मानेचा दवाखान्यासारखा वासही गेला. ओल येते, पण वास नाही. म्हणजे शरीर आता औषध पूर्ण शोषून घेतंय.

फितूरला एक दिवस न्हाणीघराच्या खिडकीतून निसटताना पकडलं. खिडकीला खिळा मारला. तो आता कौलावरून जातो.

१६ फेब्रुवारी, रविवार

जालना. कमरोद्दीनच्या काळी-पिवळीतून गेलो. पेशंट मांडीवर, तो पूर्ण रस्ता ओरडत. शुगर एकशे नव्वद. डॉक्टरीणबाई खूश. मी समोरच्या टपरीवर गेलो होतो (चहा, साखर टाकून, परगाव आहे) तेवढ्यात आत ती उषाला म्हणाली म्हणे, काकू, छान करताय, असंच चालू ठेवा. मी येऊन दुरुस्ती केली की सुई मी टोचतो. ती उषाकडे बघून हसली. नवीन पोरं डॉक्टर झाली तरी ऐकतात अर्धंच.

परतताना कमरोद्दीनला रस्ताभर तंत्र समजावलं. मनगट सैल, नजर पुढं. तो बिलकुल, बिलकुल म्हणत होता.

४ मार्च, मंगळवार

रोजे सुरू झालेत. कमरोद्दीनकडचा माझा दररोजचा चारचा चहा बंद. त्याच्या श्रद्धेबद्दल मला आदरच आहे, पण माणसाची सवय मोडते. घरचा फिका चहा तोंडात धरवत नाही. चिडचिड होते. उषा म्हणाली, आता बंदी उठवा की. म्हटलं, रिझल्ट दिसतोय ना? मग?

१० मार्च, सोमवार

रोज ओल राहून मुकादमच्या मानेवर केसांच्या गाठी झाल्यात. उषा शेजारी गेली होती तेव्हा कात्रीनं एक चौकोन साफ कापून टाकला. गुलाबी कातडी दिसते. आता काम आणखी अचूक होईल. उषानं आल्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. स्वच्छतेचंही कौतुक नाही या घरात.

११ मार्च, मंगळवार

रात्री परत आलो. आजचं आजच लिहितो.

उषा बाजाराला अंबडला गेली होती. जेवून आडवा झालो, ऊन येतं म्हणून पडदे ओढलेले. डोळा लागला. भोंगा झाला. मी ताडकन उठलो. इतकी वर्षं भोंग्यावर उठलोय, अंगच उठतं. टाइमकीपरला घड्याळ बघावं लागत नाही. उषा घरात नव्हती, म्हटलं बरंच झालं, आज सगळं एकहाती. फ्रिजमधून बाटली काढली, सुई स्वतः भरली, ताटली ठेवली. मुकादम झोपेतून आला, ताटली हुंगली, खाल्लं नाही. म्हटलं, खाईल मागाहून. कापलेल्या चौकोनात टोचली. मुकादम ओरडला! पहिल्यांदाच. पंजा मारला मला. मान कोरडी राहिली. मला वाटलं, लाड जास्त झालेत.

भोंगा मात्र थांबेना. लांबच लांब चालू. तेव्हा उजेड पडला. पडदा सरकवला, बाहेर रात्रीचे आठ नव्हते, रखरखीत ऊन. कारखान्याचा पट्टा पडला होता. शेवटचा ऊस गव्हाणीत गेला की हंगाम संपल्याचा लांब भोंगा देतात. कितीतरी वर्षं तो भोंगा द्यायची वेळ मीच सांगत आलो आणि आज त्याच भोंग्यावर मी बोक्याला सुई मारली.

थोड्या वेळानं मुकादम उठला आणि भिंतीला धडकला. मग मागचे पाय फाकले. मग आडवा पडून थरथरायला लागला, डोळे उघडे, पण मी दिसत नसल्यासारखे. साखरेचं पाणी! डॉक्टरीणबाई तेच म्हणाली होती. ओट्यावरचे सगळे डबे उघडले. डाळ, डाळ, पोहे, मीठ. साखर कारखान्यात जन्म काढलेल्या माणसाच्या घरात साखरेचा दाणा नाही. गुळाचा खडा नाही. मीच ठेवला नव्हता.

बोका उचलला आणि अनवाणी शेजारी पळालो. तोंडातून फक्त शक्कर, शक्कर निघत होतं. लालबी उठेपर्यंत मी तिच्या फडताळातला वरून दुसरा निळा डबा काढला होता. मला तो माहीत होता, रोज्यांआधी महिनाभर त्यातल्याच साखरेचा चहा पीत होतो. लालबीनं वाटीत पाणी कालवलं, बोटानं मुकादमच्या हिरड्यांना चोळत राहिली, बेटा, उठ बेटा, म्हणत. मी भिंतीशी बसून रडत होतो. लाज वाटली नाही. तिनं एवढंच म्हटलं, रोते क्यूं भाऊसाब, शक्कर तो तुम्हारीच है.

मुकादमनं जीभ फिरवली. मग पुन्हा. मग लालबीचं बोट चावलं. कमरोद्दीननं रोज्यात, उन्हात, मधले पॅसेंजर न घेता जालन्याला गाडी हाणली. रस्ताभर मी मुकादमच्या हिरड्यांना साखर लावत होतो. डॉक्टर अर्पितानं ठेवून घेतलंय. वाचेल म्हणाली. माझ्याशी ती रागानं बोलली आणि बरोबर बोलली.

१२ मार्च, बुधवार

मुकादम घरी आला. टिकलीचं ताट साफ केलं.

मग मी उषाला विचारलं, एका सुईनं एवढं कसं झालं? ती भाजी निवडत म्हणाली, कारण ती एकच खरी बसली. पहिल्यापासून तुमची सुई केसातच जात होती. औषध मानेवर सांडायचं. मी वासावरून वळखलं. मंग डॉक्टरीणबाईला फोन करून शिकून घेतलं, स्वयंपाकघरात दार लावून मी टोचत होते. तुम्हाला उकळून गार केलेलं पाणी भरून देत होते.

म्हटलं, सांगायचं नाही का? ती म्हणाली, कसं सांगू? रिटायर झाल्यापून तुम्ही सकाळी उठत व्हता कुठं, दाढी करत व्हता कुठं? आता उठायला लागले ते बोक्यापायीच ना? पाणी देऊन काय नुकसान व्हतं? मला काय म्हाईत तुम्ही केसं कापून ठिवताल अन् पट्ट्याच्या भोंग्याला उठताल!

ती दीड महिना रोज दोन वेळा पाणी उकळत होती, आणि मी कमरोद्दीनला मनगट समजावत होतो.

३१ मार्च, सोमवार, ईद

लालबीकडून शीरखुर्मा आला. साखर माझीच. मी दोन वाट्या खाल्ल्या. घरातही साखर आली आहे, उषाच्या ताब्यात, कुलपात.

भोंगा आता दिवाळीपर्यंत नाही. उषा मोबाइलवर गजर लावते. मुकादमची शुगर एकशे साठ. तो ओट्यावर उडी मारतो आणि घसरत नाही. माझ्याकडे टिकली आणि फितूर, म्हणजे सुई होईपर्यंत दोघांना मागच्या खोलीत धरून बसायचं. आज फितूर त्या खोलीच्या खिडकीतून गेला. टिकली माझ्या मांडीवर झोपली, ती तशीही कुठं जाणार नव्हती.

संध्याकाळी गजर झाला. मुकादम खाऊन बाहेर आला, उषा सुई घेऊन दारात उभी. म्हणाली, ही खरी हाय. टोचता का? मी धरते, दाखवते तुम्हाला. मुकादम माझ्याकडे बघत होता. मी सुई उजेडाला धरली, परत तिच्या हातात दिली.

म्हटलं, ही तू टोच. मला पाण्याची भरून दे.

तिनं दिली. मी टोचली. मुकादमला कळलंसुद्धा नाही. मान ओली झाली होती, फडक्यानं पुसून घेतली.