आईने उकळलेलं खाडीचं पाणी

नौपाडा, सोमवार, फेब्रुवारी १९५४

बोटांना कार्बोलिकचा वास अजून आहे. कारखान्यातले साहेब म्हणतात, सांडपाण्यातलं कार्बोलिक खाडीत आपोआप विरतं, खुशाल सोडा. खरंच? बघावं म्हणून कोलशेतहून खाडीचं पाणी आणलेलं. आईने त्यातलं अर्धं, घाण म्हणून, उकळून ठेवलं. चिडलोच मी. तरी दोन्ही पाण्यांत सारखंच कार्बोलिक घालून बाटल्या झाकून ठेवल्या.

पंधरा दिवसांनी आज उघडल्या. साध्या पाण्यातला वास गेलेला, उकळलेल्यातला तस्साच. म्हणजे आपोआप नाही, जंतू खातात. ते मेले तर सगळं तसंच राहणार. आईने उकळलं नसतं तर साहेबांना काय दाखवलं असतं?

तिला सांगितलं. म्हणाली, "मग मी कितीजणांना उकळलं रे?"

जेवायला बसताना चित्राहुती घातल्या, तेव्हा भाताचं एक शीत जास्त ठेवलं. खाडीतल्या जेवणाऱ्यांसाठी.