ओटीपी आला नाही

टिटवाळा, ३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास, मालनचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. तुझी बहीण मोठी बिल्डर झाली आहे. कुणीतरी पुण्यातला फ्लॅट विकला, तो चुकून माझ्या पॅनवर चढला आणि इन्कम टॅक्सवाले माझ्याकडे एक लाख बेचाळीस हजार मागताहेत. हे गेल्यापासून मिळते ती अर्धी पेन्शन. एवढे पैसे कुठून आणणार? नोटीस आली त्या दिवशी खूप रडले.

पण तुझा सुदेश देवासारखा धावून आला. दोन रविवार बसून त्याने कागद जुळवले, वालाचं बिरडं मागून घेतलं, गळका नळही बदलला. आता फक्त ओटीपी हवा म्हणतो. मी फोनवर सांगितला की तो ऑफिसातूनच उत्तर पाठवणार. पण मेला ओटीपी येतच नाही. म्हणजे त्याला पुन्हा यावंच लागणार.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी मालन

बाळकुम, ८ फेब्रुवारी

चि. मालन, अ. आ.

सुदेशने तीनदा ओटीपी मागवला, तिन्ही वेळा तू “आला नाही” म्हणालीस. वागळे इस्टेटच्या ऑफिसात त्याचं ऑडिट चालू आहे, रविवारचीही सुट्टी नाही. शुक्रवारी मुदत संपते. मग न विकलेल्या फ्लॅटचा कर खरंच तुझ्या गळ्यात पडेल. पोरगा काळजीत आहे.

बँकेचे, गॅसचे मेसेज तुला बरे येतात? मी कानाने बहिरा आहे, अकलेने नाही. त्याला खरं काय ते सांग.

तुझ्या काळजीत,
दादा

टिटवाळा, १७ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

ओटीपी तिन्ही वेळा आला होता. मीच पुसून टाकला. तो सांगितला की सुदेशचं येणं संपणार, एवढंच डोक्यात होतं. तुझं पत्र वाचून माझीच मला लाज वाटली. बुधवारी मी स्वतः फोन करून त्याला पुन्हा मागवायला लावला आणि आकडे सांगितले. तो म्हणाला, “आत्या, सुटलीस बघ.” उत्तर पोचल्याची पावती आली. चूक उघड आहे, आता पैसे भरावे लागणार नाहीत, असं तो म्हणतो.

काल रविवार होता. सवयीने दोघांचा स्वयंपाक केला आणि दुपारपर्यंत दार उघडं ठेवलं. त्याच्यावर रुसले नाही रे, त्याचं काम झालं. पण या नव्या इमारतीत मला नावाने हाक मारणारं कुणी नाही. फार एकटं वाटतं, दादा.

तू एकदा येऊन जा. काम काही नाही.

तुझी मालन